हलवावे की घोळवावे?

मधुमेहाच्या रोग्याला डॉक्टर बजावतात, "इन्सुलिनची दुधी बाटली गदागदा हलवू नका, दोन्ही तळव्यांत धरून हळुवार घोळवा." रोगी मान डोलावतो, आणि घरी येऊन खोकल्याच्या औषधाची बाटली हलवावी तशी हलवतो! यात बिघडते काय, ते आज पाहू.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. त्याच्या रेणूतील दोन साखळ्यांत मिळून 51 अमिनो आम्ले असतात. या साखळ्या नीट घडी घातलेल्या लुगड्यासारख्या राहतात. पाण्याशी न जुळणारा भाग घडीच्या आत, जुळणारा बाहेर. घडी विस्कटली की आतला भाग उघडा पडतो, शेजारच्या रेणूंना चिकटतो आणि पुंजके बनतात. पुंजक्यात अडकलेले इन्सुलिन आपले काम धड करीत नाही.

घडी विस्कटते कशाने? पाण्याच्या जोराने, असे पटकन वाटेल. पण 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायटोक्रोम-सी हे लहान प्रथिन बारीक नळीतून वेगाने वाहवले, तरी त्याची घडी मोडली नाही. मोठा घात करते ती हवा. बाटली हलवली की फेस येतो, आणि बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर रेणू जाऊन उलगडतात. हलवणे चालू राहिले की जुना पृष्ठभाग फाटतो, नवा तयार होतो, आणि नव्या रेणूंची पाळी येते. अंड्याचा पांढरा बलक फेटल्यावर घट्ट फेस धरतो, तो याच रीतीने.

म्हणून प्रवाह अगदीच निरपराध आहे, असेही नाही बरे का! रुंद पात्रातून अरुंद तोंडात शिरताना द्रव एकदम वेग घेतो; रेणूचे पुढचे टोक खेचले जाते, मागचे मागेच राहते. लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी दोन सिरिंजा बारीक नळीने जोडून प्रथिनांची द्रावणे पुनःपुन्हा इकडून तिकडे ढकलली. काही प्रथिनांचे पुंजके झाले, हे त्यांनी 2017 साली प्रसिद्ध केले. औषध कारखान्यांतील पंप, गाळण्या आणि नळ्या जपून आखाव्या लागतात, त्या यासाठीच. रेशीमकिडा मात्र याच ओढीचा उपयोग करतो: निमुळत्या नळीतून द्रव प्रथिन खेचून त्याचा चिवट धागा करतो.

तेव्हा दुधी इन्सुलिन हळुवारच घोळवा. घोळवूनही गाठी राहिल्या, किंवा नितळ इन्सुलिन गढूळ दिसू लागले, तर पैशांकडे पाहू नका. ती बाटली बाजूला ठेवा.