मैदानाचे दार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत व्यायामशिक्षक होते आणि बास्केटबॉल हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या नावाने बोलण्यासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाला बोलवावे, हे काहींना विसंगत वाटले असेल. परंतु गुरुजींचे एक देणे माझ्याकडे राहून गेले आहे. ते आज येथे फेडावे, या हेतूने मी हे निमंत्रण स्वीकारले.

बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकाने वर्गासाठी निर्माण केला. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाकडे एक अवखळ वर्ग सोपवण्यात आला. बाहेर कडाक्याची थंडी. मुले कवायतीला कंटाळलेली. नेस्मिथांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहून काढले आणि अठरा मुलांचे दोन संघ केले. त्या पहिल्या सामन्यात एकच गोल झाला. हा खेळ सगळ्या वर्गासाठी निर्माण झाला, हे ध्यानात ठेवावे.

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच अधिकृतपणे खेळला गेला आणि वृद्ध नेस्मिथ तो पाहावयास उपस्थित होते. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने आपले देशी खेळ जगाला दाखविले, आणि ज्यांच्या नावाचे स्टेडियम आपल्या शहरात आहे ते रूपसिंग भारताच्या सुवर्णविजेत्या हॉकी संघात खेळले. आपल्या मराठी मंडळींना आणि आपल्या ग्वाल्हेरला ते वर्ष असे दुहेरी नात्याने जवळचे आहे.

त्याच १९३६ साली कॅन्सस विद्यापीठातून जॉन मॅक्लेन्डन नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवीधर झाला. नेस्मिथ तेथे प्राध्यापक होते आणि त्याचे मार्गदर्शक होते. खेळाचा जनक ज्याचा गुरू, त्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संघात मात्र प्रवेश नव्हता. कारण त्याचा वर्ण. गुरूने विद्या दिली. संघाचे दार बंदच राहिले.

मॅक्लेन्डन पुढे प्रशिक्षक झाले. १२ मार्च १९४४ रोजी, एका रविवारी सकाळी, नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथे त्यांच्या संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील गोऱ्या विद्यार्थ्यांशी सामना खेळला. वर्णभेदाच्या रूढीमुळे हा सामना गुप्तपणे खेळावा लागला. दारे आतून बंद; प्रेक्षक नाहीत. मॅक्लेन्डनांचा संघ ८८ विरुद्ध ४४ असा जिंकला. त्यानंतर जे घडले ते मला विजयापेक्षा मोठे वाटते. दोन्ही संघांतील मुलांनी आपसात सरमिसळ करून पुन्हा एक डाव मांडला.

तेरा वर्षांनी, १९५७ साली, मॅक्लेन्डन नॅशव्हिलच्या टेनेसी ए. अँड आय. विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. हे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ होते. त्या हंगामात त्यांचा संघ कॅन्सस सिटीतील राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत उतरला आणि अजिंक्य ठरला. गोरे व काळे असे दोन्ही संघ खेळत असलेल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाने मिळविण्याचा हा पहिलाच प्रसंग. १९५८ आणि १९५९ सालीही तेच विजेते ठरले. परंतु या यशाआधीच मॅक्लेन्डनांनी आयोजकांपुढे एक अट ठेवली होती : इतर संघ ज्या हॉटेलात उतरतील आणि जेवतील, तेथेच माझीही मुले उतरतील व जेवतील. त्यांनी करंडकाआधी मुलांच्या राहण्याजेवणाचा विचार केला. त्या संघातील डिक बार्नेट पुढे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघातून खेळले, आणि खेळणे सोडल्यावर त्यांनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेटही मिळविली. मैदान आणि ग्रंथ यांचे वैर असते, असे मानणाऱ्यांत मीही होतो. म्हणून हा तपशील मुद्दाम सांगतो.

योगायोग असा की, त्याच १९५७ सालच्या ऑगस्टमध्ये आपल्या ग्वाल्हेरात लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले. व्यायामशिक्षण हाही पदवीचा विषय होऊ शकतो, हे या शहराने देशाला दाखविले. त्या संस्थेच्या इतक्या जवळ, दर्पण कॉलनीत, आयुष्य घालवूनही मला ही गोष्ट उमगली नव्हती.

आता माझ्या देण्याविषयी. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाने आंतरमहाविद्यालयीन अजिंक्यपद जिंकले. करंडक सभागृहात आला, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजविल्या. त्या संघातला एक मुलगा माझ्या मराठीच्या वर्गात होता. या शाळेचा, गुरुजींनी घडविलेला. सरावात आणि सामन्यांत त्याची हजेरी कमी पडली. विषयशिक्षकाने शिफारस केली असती, तर ते दिवस धरले गेले असते. मी शिफारस नाकारली.

गुरुजी त्या संध्याकाळी सायकलवरून माझ्या घरी आले. चहा झाला. मग ते शांतपणे म्हणाले, "सर, त्याने तुमचे तास बुडविले हे खरे आहे. पण त्या दिवशी तुम्ही टाळ्या वाजविल्यात, त्या त्याच तासांसाठी होत्या." मी नियमाचे नाव पुढे केले. त्यांनी वाद घातला नाही. निघताना एवढेच म्हणाले, "एकदा सरावाला या." मी गेलो नाही. मुलाचे वर्ष गेले. धाकट्या भावंडांची जबाबदारी असलेल्या त्या घराला ते एक वर्ष किती जड गेले, हे मला फार उशिरा कळले.

माझा नियम खोटा नव्हता. पण नियम वाकवण्याची मुभा नियमातच होती आणि ती माझ्या हाती होती. दार बंद करण्यासाठी दरवेळी अन्यायी कायदाच लागतो असे नाही. एका सज्जन माणसाची सहीही पुरते.

म्हणून शाळेला माझी विनंती आहे. संघात निवडलेल्या दहा-बारा मुलांपुरते मैदान राखू नका. शाळा सुटल्यावर तासभर ते सर्वांसाठी, विशेषतः मुलींसाठी, मोकळे ठेवा. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, करंडकाला टाळ्या वाजविण्यापूर्वी त्या मुलांच्या हजेरीपटावर एकदा नजर टाका.

गुरुजी, सरावाला यायला मला फार उशीर झाला. क्षमा असावी.