व्यायामाचा तास कोणाचा?



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, असा रिवाज आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. माझे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. परंतु कामाचे तास, विश्रांतीचे तास आणि त्या तासांची चोरी, या विषयांत माझे अर्धे आयुष्य गेले आहे. माध्यमिक शाळेतील शारीरिक शिक्षणाकडे मी त्याच नजरेने पाहणार आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून झगडून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरविले की, कामगाराला सलग पाच तासांपेक्षा अधिक राबवू नये. मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यावी. तो अर्धा तास मालकाने गिळला तर कामगार उभा राहून जाब विचारतो.

आता शाळेचे वेळापत्रक पाहा. ‘शा. शि.’ अशी दोन अक्षरे त्यात असतात. पण अभ्यासक्रम मागे पडला की तो तास गणिताला जातो, परीक्षा जवळ आली की उजळणीला जातो, आणि दहावीच्या वर्षी तर तो कागदावरच राहतो. जाब कोण विचारतो? मुलांना विचारण्याची सोय नाही आणि आपण पालक मनातून खूषच असतो. ज्याचा तास गेला त्याच्याखेरीज बाकी सर्वांना हा व्यवहार फायद्याचा वाटतो! अशी बिनबोभाट चोरी कारखान्यातही होत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान असावे असे सांगितले. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, जेथे शंभराहून अधिक मुले आहेत तेथे, शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक असावा असेही सांगितले. पण तो कायदा आठवीच्या उंबरठ्याशी थांबतो. नववी-दहावीत, शरीर वाढीला लागलेले असते त्याच वेळी, मूल शाळेच्या आणि आपल्या मर्जीवर राहते.

याचा परिणाम काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, जगातील अकरा ते सतरा वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८१ टक्के मुलांना ती मिळत नव्हती. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींत ८५ टक्के होते. मुलगी मोठी झाली की आपणच तिला मैदानावरून घरात बोलावतो, हे येथे बसलेल्या कोणाला नवीन सांगावयाचे आहे काय?

कोणी म्हणेल, आठवड्यातल्या दोन तासांनी रोजची साठ मिनिटे कशी भरणार? खरे आहे, भरणार नाहीत. पण गणिताच्या तासातही सारी गणिते सुटत नाहीत. तेथे रीत शिकवितात आणि मूल घरी ती गिरविते. व्यायामाच्या तासाचे कामही तेच. रीतच शिकविली नाही तर घरी गिरवावयाचे काय?

माझे कामगार बंधू दुसरा प्रश्न विचारतात. “आमच्या पोराला जन्मभर अंगमेहनतच करावयाची आहे, त्याला आणखी व्यायाम कशाला?” बंधूंनो, मेहनत आणि व्यायाम एक नव्हेत. हमालाची पाठ एकाच ओझ्याखाली वाकते, मागवाल्याचा एकच खांदा झिजतो. मेहनत शरीराचा एक भाग वापरून घेते. व्यायाम सर्व शरीर घडवितो. ज्याचे अंग हेच भांडवल आहे, त्याच्या मुलाला तर हा विषय आधी हवा.

आणि शारीरिक शिक्षण म्हणजे शाळेचा संघ निवडणे नव्हे. बारा मुले खेळतात आणि उरलेला वर्ग टाळ्या वाजवितो, याला शिक्षण म्हणत नाहीत. जे मूल लठ्ठ आहे, अशक्त आहे, बुजरे आहे, तेच या तासाचे पहिले मानकरी होय.

पैशाची सबब पुढे येते. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बसविले. त्या खेळाला दोन खांब आणि आखलेली जमीन पुरते. त्याच वर्षी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिनला आपले देशी खेळ करून दाखविले. या देशी खेळांना परदेशी सामान लागत नाही. लागतो तो जाणता शिक्षक आणि मोकळी जमीन.

म्हणून मागण्या साध्या आहेत. शारीरिक शिक्षणाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये. शाळा भरलेली असताना मैदान मांडवाला देऊ नये. शिक्षकाची जागा रिकामी असेल तर पालकांनी सभेत उठून विचारावे, आणि दर महिन्याला विचारावे. मुलींना वेगळी वेळ किंवा जागा हवी असेल तर ती द्यावी, पण तास बुडवू नये.

संघटनेत आम्ही एक गोष्ट शिकलो: जो हक्क मोजला जात नाही, तो उरत नाही. आज घरी गेल्यावर आपल्या मुलाला एवढेच विचारा, “या आठवड्यात व्यायामाचे तास किती झाले?” उत्तर आले की पुढचे काम आपले आहे.