रेषेची साधना



जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवरील अजिंठ्याच्या लेण्यांत १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. अंधुक उजेडात एकेक रेषा निरखीत हे काम चालले. १८८५ मध्ये लंडनच्या आगीत त्यांतील अनेक प्रती भस्मसात झाल्या. तयार झालेली नजर मात्र जळाली नाही. त्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत व्यक्तिचित्रकार झाले.

धुळे-जळगावच्या शाळांतून रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांचा मार्गही हाच आहे. तांब्याचे तोंड गोल असते हे ठाऊक असल्याने मूल वर्तुळ काढते. समोर ठेवलेल्या तांब्याचे तोंड डोळ्यांना मात्र लंबवर्तुळ दिसते. जे दिसते तेच काढावे, हा पहिला पाठ. आधी रेषा, मग प्रमाण, नंतर छायाप्रकाश. रंगांची घाई नको.

चित्रकलेचा तास इतर विषयांकडे वळविला की हा सराव खुंटतो. शाळेने तेवढा तास राखावा. कागद नसेल तर पाटी चालेल. केळीचे पान आणि कपाशीचे बोंड हे नमुने तर खानदेशात दारातच आहेत.