ग्रेज इन ते हेग

(सावनेर येथे विधी शाखेचे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



परदेशी जाऊन फौजदारी कायदा शिकावा, असे आज सावनेरसारख्या तालुक्याच्या गावातील मुलालाही वाटू लागले आहे. शैक्षणिक कर्ज मिळते, घरची संत्र्याची बाग साथ देते. परंतु वडिलांच्या मनात एक रास्त प्रश्न असतो. मुलगा परत येऊन उभा राहणार येथल्याच न्यायालयात. मग तेथे जाऊन त्याने शिकायचे तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याच्या आयुष्यात सापडते. १९०६ साली विनायक दामोदर सावरकर श्यामजी कृष्णवर्मा यांची शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेले आणि ‘ग्रेज इन’मध्ये दाखल झाले. (याच संस्थेतून पुढे १९२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले.) तेथील एक प्रथा मोठी मौजेची होती. परीक्षा उत्तीर्ण होणे पुरेसे नसे; प्रत्येक सत्रात ठराविक वेळा संस्थेच्या भोजनगृहात जेवावेही लागे. वकिलांच्या पंगतीत बसल्यावाचून वकिली अंगी मुरत नाही, अशी ती समजूत!

पुस्तकातील इंग्लिश कायदा भव्य होता. आरोपीचा न्याय त्याच्याच बरोबरीच्या बारा नागरिकांनी करायचा आणि त्या बाराही जणांचे एकमत झाल्याखेरीज त्याला दोषी ठरवायचे नाही. बहुमताने निर्णय देण्याची मुभा इंग्लंडने १९६७ साली दिली. सावरकर लंडनमध्ये हा कायदा शिकत असतानाच, जुलै १९०८ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत नऊ जण. सात युरोपीय, दोन पारशी. निर्णय झाला सात विरुद्ध दोन. लंडनमध्ये ज्या मतविभागणीवर कोणालाही दोषी ठरवता आले नसते, तीच मुंबईत लोकमान्यांना सहा वर्षांसाठी मंडालेला धाडण्यास पुरली. सम्राट एक, पण लंडनमधील आरोपीला मिळणारे संरक्षण मुंबईतील आरोपीला नव्हते. कायद्याच्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठा धडा कोणता हवा?

पुढच्या वर्षी मदनलाल धिंग्रा यांचा खटला ओल्ड बेलीत उभा राहिला. २३ जुलै १९०९ या एकाच दिवशी तो सुरू झाला आणि फाशीच्या शिक्षेने संपलाही. ‘या न्यायालयाला माझा न्याय करण्याचा अधिकारच नाही’, अशी धिंग्रांची भूमिका होती. सावरकर परीक्षा उत्तीर्ण झाले होते. परंतु त्यांच्या राजकीय मतांमुळे ग्रेज इनने बॅरिस्टरची सनद नाकारली.

त्यानंतरचे शिक्षण त्यांना आरोपी म्हणून मिळाले. १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली. आधार होता १८८१ चा फरारी गुन्हेगारांविषयीचा कायदा. साम्राज्याच्या एका भागातील वॉरंटावर दुसऱ्या भागातील माणसाला पकडून धाडण्याची सोय त्यात होती. लंडनमध्ये राहणाऱ्या माणसावर लंडनमध्येच खटला चालवा, एवढीच त्यांच्या वकिलांची मागणी होती. कारण उघड आहे. लंडनमध्ये ज्यूरी होती; मुंबईत १९०८ च्या विशेष कायद्यान्वये तीन न्यायाधीशांचे खास न्यायासन होते, तेथे ना ज्यूरी ना अपील. मागणी फेटाळली गेली. कोणत्या न्यायालयात उभे राहायचे, यावर जन्मठेप आणि सुटका यांतील अंतर कसे ठरू शकते, हे या प्रकरणाइतके क्वचितच स्पष्ट दिसते.

८ जुलै १९१० ची मार्सेयची उडी सर्वांना ठाऊक आहे. तिच्या शौर्यावर पुष्कळ बोलले गेले. तिच्यामागील कायद्याचे ज्ञान मात्र दुर्लक्षित राहते. ‘मोरिया’ बोटीवरून किनाऱ्यावर पाय ठेवताच ते फ्रान्सच्या सार्वभौम भूमीवर आले. तेथे ब्रिटिश पोलिसांची सत्ता संपत होती. फ्रेंच शिपायाने त्यांना ताब्यात घेऊन पुन्हा ब्रिटिशांच्या हाती दिले, ही चूक होती, आणि तीवरून दोन बलाढ्य राष्ट्रांना हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात जावे लागले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने अटकेतील अनियमितता मान्य केली. मात्र कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असे ठरविले. ज्याच्या देहाबद्दल हा वाद चालला, तो त्या वादात पक्षकारच नव्हता! तोवर मुंबईत त्यांना दोन जन्मठेपा ठोठावून झाल्या होत्या.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. ज्यूरी आपण ठेवली नाही. १९५९ च्या नानावटी खटल्यातील आठ विरुद्ध एक हा निर्णय न्यायाधीशांनाच मान्य झाला नाही आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तीतही ती नाही. हे योग्यच झाले, असे मानणारे पुष्कळ आहेत. परंतु देशातील तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश कैदी कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हायचा आहे असे. दुसऱ्या देशात जामीन कसा देतात, गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील केव्हा मिळतो, तो पोलीस ठाण्यातच मिळतो की न्यायालयात उभे राहिल्यावर, हे जाऊन पाहावे. सावनेरच्या न्यायालयात उद्या उभ्या राहणाऱ्या वकिलाला पोशाखाच्या रुबाबापेक्षा हे अधिक कामाचे आहे.

आणि हेग? त्या नगराशी मराठी माणसाचा संबंध १९११ मध्ये संपला नाही. सांगलीत जन्मलेल्या कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने २०१७ साली फाशी सुनावली. त्यांना भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू दिले नव्हते. भारताने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६ पुढे केले. बाजू मांडली ती नागपूर विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेल्या हरीश साळवे यांनी, एक रुपया मानधनावर. १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक अशा मताने पाकिस्तानने कराराचा भंग केल्याचा निकाल लागला आणि शिक्षेचा फेरविचार होईपर्यंत फाशी रोखली गेली. या वेळी कैद्याच्या मागे त्याचे स्वतःचे राष्ट्र उभे होते. जाधव अद्याप घरी परतलेले नाहीत.