पिकअपचं नाक

आमच्या गटाने भाजीसाठी जुनी पिकअप घेतली. रिकामी उभी असली की ती पुढून वाकलेली, मागून उंच. बघणारे हसायचे. गॅरेजवाले दादा म्हणाले, पुढच्या स्प्रिंगवर जाड चकत्या टाकू, गाडी सरळ दिसेल. गटातून पैसे काढायचंही ठरत आलं होतं.

मग आम्ही टेप घेतली, ब्लाउज मापायचीच! शाळेपुढच्या सपाट जागेवर चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं. आधी रिकामी गाडी, मग नेहमीएवढे टोमॅटोचे क्रेट भरून. भरल्यावर मागची बाजू तीन इंच बसली आणि गाडी जवळजवळ सपाट झाली! मागचे पाटे उंच ठेवतात ते ओझ्यासाठीच. पुढून उचलली असती, तर भरल्या गाडीचं नाक आभाळाकडे. पहाटे अंधारात बाजाराला निघालो की हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत, आपल्या वाटेवर मात्र उजेड कमी. शिवाय पुढची उंची बदलली की अलाइनमेंट पुन्हा करावी लागते, नाहीतर टायर एका कडेने झिजतात.

मोजताना एक गोष्ट मात्र सापडली. रिकामी असतानाही मागची डावी बाजू उजवीपेक्षा इंचभर खाली होती. टायरमधली हवा बरोबर होती. खाली वाकून पाहिलं, तर एक पाटा तुटलेला. तसंच ओझं वाहत होतो आम्ही, घाटातूनसुद्धा! चकत्यांचे पैसे त्या पाट्याला लावले.

रिकामी गाडी अजून वाकलेलीच दिसते. दिसू दे.