गोळीचे काम, भाकरीचे काम

डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस हा गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा त्वचाविकार आहे. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ लुई ड्युरिंग यांनी १८८४ मध्ये त्याचे वर्णन केले. गव्हाशी असलेले त्याचे नाते उघड व्हायला मात्र विसाव्या शतकाची साठी उलटावी लागली. १९६६ मध्ये या रुग्णांच्या लहान आतड्यात सीलिअ‍ॅक या ग्लूटेनने आतडे बिघडवणाऱ्या आजारासारखे बदल सापडले, आणि पाठोपाठ त्वचेत साठलेली आयजीए प्रतिपिंडे दिसली. म्हणजे बिघाड आतड्यात, आणि बोंब त्वचेची. पोटाची एकही तक्रार नसलेले रुग्ण यात पुष्कळ असतात.

कोपरे, गुडघे, ढुंगण, डोक्याची मागची बाजू अशा ठिकाणी दोन्ही अंगांना सारखे बारीक फोड येतात. खाज इतकी भयंकर की डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर फोड शिल्लकच नसतो, नखांचे ओरखडे आणि खपल्या तेवढ्या उरतात. मग खरजेचे मलम दिले जाते, एक्झिमाचे दिले जाते, आणि वर्षे जातात. निदानासाठी त्वचेचा तुकडा फोडातून न घेता त्याच्या शेजारच्या बऱ्या दिसणाऱ्या कातडीतून घ्यावा आणि इम्युनोफ्लुरोसन्स तपासणीला पाठवावा. तो फॉर्मेलिनमध्ये बुडवला की तपासणी वाया गेली. रुग्णाने घाईने पोळी सोडली असेल तर रक्तातली प्रतिपिंडेही उतरतात. म्हणून आधी तपासण्या, मग पथ्य.

उपचाराचे दोन भाग आहेत आणि त्यांची गती अगदी वेगळी आहे. डॅप्सोनची गोळी दोन-तीन दिवसांत खाज थांबवते. पथ्याने त्वचा शांत व्हायला कित्येक महिने, कधी दोन वर्षेही लागतात. या तफावतीतच उपचार फसतो. गोळीने झोप लागू लागली की पथ्य कशाला, असे रुग्णाला वाटते, आणि भरल्या ओपीडीत त्याला समजावायला कोणाला वेळ नसतो. पण डॅप्सोन आतड्याला हातही लावत नाही. आतड्याची सूज, रक्तक्षय, हाडांची झीज आणि क्वचित होणारा लिम्फोमा या सगळ्यांवर उतारा पथ्याचाच.

डॅप्सोन सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडी तपासणे हा उपचार नव्हे, पण त्याची पूर्वअट आहे. हे विकर कमी असलेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशी गोळीने झपाट्याने फुटतात. इतरांचेही हिमोग्लोबिन थोडे उतरतेच, म्हणून पहिल्या काही महिन्यांत रक्ततपासणी वारंवार हवी. ओठ निळसर दिसणे, धाप लागणे, किंवा पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ व कावीळ एकत्र येणे ही गोळी ताबडतोब थांबवण्याची लक्षणे. मधुमेही रुग्णात एचबीएवनसी खोटा कमी येतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते. महाराष्ट्रात आणखी एक अडचण: डॅप्सोन कुष्ठरोगाची गोळी म्हणून ओळखीची आहे. औषधाच्या दुकानात कोणी बोलून गेले की घरात भीतीचे वातावरण होते. गोळीची ही ओळख आधीच सांगून टाकणे बरे.

पथ्यात गहू, जव आणि राय पूर्ण बंद. म्हणजे रवा, मैदा, दलिया, शेवया, पाव आणि बिस्किटेही. पौष्टिक म्हणून गाजणारा खपली गहू हाही गहूच, त्यातही ग्लूटेन असते. मराठी ताटाला मात्र पर्यायांची ददात नाही: तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, शिंगाडा, सगळ्या डाळी. अडचण येते ती न दिसणाऱ्या गव्हाची. बाजारच्या बंधानी हिंगात बहुधा मैदा असतो, मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू पडतो, माल्ट घातलेल्या पेयांत जव असतो. आणि गिरणी! आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाल्यावर त्याच जात्यात ज्वारी टाकली, तर डब्याच्या तळाशी ज्वारीसोबत गव्हाचे पीठ हमखास येते. घरघंटी असेल तर उत्तम, तीही फक्त या धान्यांसाठी राखलेली. परातही वेगळी असावी. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिण्यासाठी भारतात किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. गिरणीच्या पिठाला असली कुठलीच चिठ्ठी नसते.

पथ्य मुरले की डॅप्सोन हळूहळू कमी करता येते आणि अनेकांची पुढे सुटतेही. मात्रा उतरत नसेल तर ती वाढवण्याआधी आहारतज्ज्ञाने स्वयंपाकघराची चौकशी करावी. आयोडाइड असलेल्या औषधांनीही फोड उसळतात, तेही विचारावे. रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांचीही रक्ततपासणी सुचवावी. अंगावर पुरळ नसतानाही त्यांच्यात सीलिअ‍ॅक आजार असू शकतो.