विजेचा हिशेब

विजेचे बिल दरमहा घरोघर लक्षपूर्वक वाचले जाते. परंतु ज्या हिशेबावर घराची सुरक्षितता अवलंबून असते, तो मात्र क्वचितच कोणी मांडून पाहतो. वास्तविक तो गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाही, आणि त्याचा पाया घालणारा गृहस्थही एक शाळामास्तरच होता.

गेओर्ग झिमोन ओहम हा जर्मनीतील कोलोन शहरी गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. कमीअधिक लांबीच्या तारांतून वीज सोडून तो प्रवाह मोजी. त्या काळच्या बॅटरीचा जोर स्थिर राहत नसे. म्हणून त्याने तांबे व बिस्मथ या धातूंचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून स्थिर दाब मिळविला. १८२७ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मायदेशी प्रारंभी त्याची उपेक्षाच झाली; १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला. आज विद्युत्‌रोध ओहम याच परिमाणात मोजतात.

उंचावरील टाकीमुळे पाण्याला जोर येतो, तसा विजेचा दाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. नळातून वाहणारे पाणी म्हणजे प्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात. नळ अरुंद असल्याने होणारा अडथळा म्हणजे रोध. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते, आणि ती वॉटमध्ये सांगतात.

पाणी तापविण्याचा एक रॉड २३० व्होल्ट दाबावर ५ अँपिअर प्रवाह घेतो असे समजू. त्याचा रोध ४६ ओहम आणि शक्ती ११५० वॉट. सायंकाळी दाब १८४ व्होल्टपर्यंत उतरला, तर त्याच रोधातून ४ अँपिअरच प्रवाह वाहील आणि शक्ती ७३६ वॉट होईल. दाब एक पंचमांशाने घटला, पण शक्ती एक तृतीयांशाहून अधिक गेली! पाणी लवकर का तापत नाही, याचे उत्तर येथे आहे. पंखा व पंप यांना मात्र हा साधा गुणाकार तंतोतंत लागू पडत नाही.

आता भिंतीतील तारेकडे वळू. तिलाही थोडा रोध असतोच. प्रवाहामुळे तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे इंग्लंडच्या जेम्स जूलने दाखविले. एक ओहम रोधाच्या तारेतून ५ अँपिअर वाहताना २५ वॉट उष्णतेत जातात. १५ अँपिअर वाहताना २२५! प्रवाह तिप्पट, उष्णता नऊपट. वेष्टण वितळते आणि आग लागते ती अशी.

म्हणून उपकरणाच्या पट्टीवरील वॉटला व्होल्टने भागून पाहावे. १५०० वॉटची शेगडी सुमारे साडेसहा अँपिअर घेते. तिला ६ अँपिअरच्या प्लगवर जागा नाही. एकाच तारेवर चालणाऱ्या सर्व उपकरणांची बेरीजही अशीच करावी. फ्यूज वारंवार जात असेल, तर त्यात जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याचे तोंड बांधणे होय. फ्यूज का गेला, हे कागदावरील एका भागाकाराने बहुधा कळते. आणि तो भागाकार घरातील मुलालाही येतो.